डावा नऊ, उजवा आठ

बाईने पिशवीतून दोन बूट काढले आणि सुईबाईंच्या टेबलावर, थेट चहाच्या कपाशेजारी आपटले. एक मोठा, एक लहान.

"अहो, घाईघाईत वेगवेगळ्या जोडांतले उचलून आणलेत तुम्ही," मास्तर म्हणाले.

"हा एकच जोड आहे आणि तो माझा आहे. डावा पाच, उजवा सात. लहानपणी पाय गाडीखाली सापडला, तेव्हापासून डावा वाढलाच नाही. आयुष्यभर दोन-दोन जोड विकत घेतले आणि प्रत्येकातला एकेक बूट कचऱ्यात टाकला. आणखी काही विचारायचंय?"

मास्तरांनी जीभ चावली. यात नवीन काही नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून ते आपल्या शेजारणीच्या, सुईबाईंच्या, तपासात साथीला असत, आणि पहिलं वाक्य चुकीचं बोलायचा मान सहसा त्यांचाच असे. सुईबाईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. खाजगी तपास करणारी ही बाई बोलताना टोचायची, म्हणून सुई. तिलाही ते नाव आवडायचं, हे वेगळं सांगायला नको.

"बसा आणि सुरुवातीपासून सांगा," सुईबाई म्हणाल्या.

बुटांची मालकीण बसली. बसता बसता तिची नजर मास्तरांच्या पायांवर गेली, क्षणभर थांबली आणि परत फिरली.

तिचं ॲपवर बुटांचं दुकान होतं. नुसतं दुकान नाही. ज्यांचे दोन पाय दोन मापांचे आहेत, त्यांच्यासाठी दुकान. गिऱ्हाइकाने डाव्याचा नंबर वेगळा सांगायचा, उजव्याचा वेगळा. नोकरी सोडून तिने हे सुरू केलं तेव्हा लोक हसले होते. पण अशी माणसं भरपूर निघाली, आणि वर्षानुवर्षं ती गप्प बसून बुटात कागद कोंबत होती.

"आणि आता पंधरा दिवसांत माझ्या सगळ्यात चालणाऱ्या तपकिरी बुटावर एक-एक स्टारचे रिव्ह्यू पडलेत, ढिगाने. ॲपवाले म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत हे खोटे आहेत असं दाखवा, नाहीतर दुकान बंद. रिव्ह्यू तोच लिहू शकतो ज्याने माल घेतला. म्हणजे कुणीतरी खरंच ऑर्डर केली, बूट परत पाठवले आणि वर शिव्या घातल्या."

"नावं? पत्ते?"

"नावं सगळी वेगळी. पार्सलं घरी नाही, ॲपच्या केंद्रावरून उचललेली, तिथूनच परत केलेली."

"एखादी मोठी कंपनी असेल मागे," मास्तर म्हणाले.

"एका कंपनीला माझं दुकान विकत हवंय, खरं आहे. मी नाही म्हटलं. आणि उद्या दुकान बंद पडलं तरी नाहीच म्हणणार!" मालकिणीचा आवाज चढला. "मला दया नकोय, बाई. मला माणूस हवाय. माझं वाटोळं करायला निघालेला तो माणूस मला समोर बसलेला बघायचाय."

सुईबाईंनी कप उचलला आणि चहा एका घोटात संपवला. याचा अर्थ काम घेतलं.

दुकान म्हणजे मालकिणीच्या घराचा तळमजला. पुढच्या खोलीत पॅकिंगचं टेबल, मागच्या खोलीत कारागिराचं काम, आणि भिंतभर एकट्या बुटांचं कपाट. कुणाचा डावा विकला गेला होता, कुणाचा उजवा.

"हे कशाला ठेवलेत?" मास्तरांनी विचारलं.

"वाट बघतायत. ज्याचा उलटा पाय मोठा आहे, तो येतोच कधी ना कधी."

सुईबाई परत आलेले तपकिरी बूट बघत होत्या. त्यांनी तळवे उलटून पाहिले. कोरे करकरीत, धुळीचा कण नाही. मग टाचेवरून बोट फिरवलं. टाच एकाच चामड्याच्या तुकड्याची होती, साच्यावर दाबून गोल केलेली. वर रुंद पट्टा, तो वेल्क्रोने बंद व्हायचा. ओढला की खर्रकन उघडला.

"पट्टा पहिल्यापासून असाच?"

"नाही. आधी बक्कल होतं. मग एका गिऱ्हाईकबाईने लिहिलं की अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून एकच हात चालतो, बक्कल लावायला रोज सुनेला हाक मारावी लागते. दुसऱ्या दिवशी मी बक्कल काढून टाकलं. फोटोवालीकडून नवा फोटो काढून घेतला आणि माझ्याच मोबाईलवरून चढवला. त्यानंतर विक्री दुप्पट झाली."

"हे वाईट रिव्ह्यू त्यानंतरचे?"

"बऱ्याच नंतरचे. या लोकांच्या ऑर्डरीच फोटो बदलल्यानंतरच्या आहेत."

"वाचा बघू, मास्तर."

मास्तरांनी मोबाईल लांब धरला आणि वर्गात वाचतात तसं वाचलं. "'फसवणूक! फोटोत बक्कल, हातात वेल्क्रो.' दुसरा. 'दोन दिवस चाललो, पायाला फोड आले. टाचेची शिवण उसवली.' तिसरा. 'डावा घट्ट होता. शेवटी बाजारातून आठ नंबरचा जोड आणला, तो मस्त बसला.' पुढे 'भिकार माल', 'पैसे पाण्यात'..."

"आता चांगलेही वाचा."

"'डावा सहा, उजवा आठ. लेकीच्या लग्नात पहिल्यांदा उभी राहिले.' 'डावा दहा, उजवा नऊ. मुलगा म्हणतो, बाबा, आता तुम्ही आवाज न करता चालता.' अरे वा, हे तर पत्रंच लिहितात की हो!"

"लिहिणारच," मालकीण म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं त्यांना."

सुईबाईंनी मोबाईल हातात घेतला आणि चांगले रिव्ह्यू पुन्हा एकदा सावकाश वाचले. मास्तरांना वाटलं, बाई वेळ घालवतायत.

मागच्या खोलीत कारागीर काका चामडं कापत होते. चौकशी म्हटल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली, पण तोंड चालूच.

"कोण करणार? शाप आहे शाप! बक्कल काढलं ना हिने, तेव्हापासून माझं मन उठलंय कामावरून. बक्कल म्हणजे बुटाची शान! हे काय, खर्र खर्र... पोरांच्या दप्तरासारखं!"

"म्हणजे रिव्ह्यूवाल्यांशी तुम्ही सहमत आहात?"

"बक्कलाबाबत? शंभर टक्के! हिच्या तोंडावर सांगतो, पाठीमागे कशाला? आणि माझी शिवण उसवली म्हणणाऱ्याला आणा माझ्यासमोर. कुठली शिवण? दाखव म्हणावं!" काका पुन्हा सुरीकडे वळले. "माझा मोबाईल बटणांचा आहे. त्यात बातम्यासुद्धा दिसत नाहीत."

बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, "बक्कलाचं दुःख आहे हो त्याला. आणि बटणांचा मोबाईल काय, दाखवायचा एक, वापरायचा दुसरा."

"मास्तर, तुम्ही दर वेळी पहिल्या माणसाला फाशी देता."

फोटोवालीचा स्टुडिओ दोन रस्ते पलीकडे होता. पांढऱ्या पडद्यापुढे ती चहाच्या किटल्यांचे फोटो काढत होती. मालकिणीचं नाव निघताच तिने कॅमेरा खाली ठेवला.

"भांडण झालं, हो, झालं. मी सुंदर पाय असलेली मॉडेल आणली, तर हिने तिला परत पाठवलं. म्हणे, माझ्या गिऱ्हाइकाला स्वतःचे पाय दिसले पाहिजेत. शेवटी हिच्याच पायांचे फोटो काढले! मी म्हटलं, पुन्हा मला बोलावू नका."

"राग असेल मग."

"आहेच. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा सांगू? ते फोटो चांगले आलेत." तिने मोबाईल काढून सुईबाईंच्या नाकासमोर धरला. दुकानाचं पान उघडंच होतं. तपकिरी बूट, वर एक हात वेल्क्रोचा पट्टा ओढतोय. "रोज बघते. अजून पहिला फोटो माझाच आहे, आणि खाली माझं नाव नाही. नाव घाला म्हणावं, मग भांडण मिटलं."

"हिनेच केलंय," रस्त्यावर येताच मास्तर म्हणाले. "रोज बघते म्हणे! कशाला बघते?" त्यांचा उजवा बूट नेहमीसारखा फटक फटक वाजत होता. सुईबाईंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की आता तो ऐकूही यायचा नाही.

शेवटी भावजी. मालकिणीचा धाकटा दीर, वरच्या मजल्यावर राहणारा. नवरा जहाजावर असायचा, त्यामुळे दुकानाचा कॉम्प्युटर भावजी सांभाळायचे. खोली अशी चकचकीत की पाय ठेवायला भीती वाटावी.

"टेबलाला हात लावू नका प्लीज. या खोलीत कुणी येत नाही, वहिनीसुद्धा नाही. मला खपत नाही." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा अभिमानाने सुईबाईंकडे वळवला. "हे विक्रेत्याचं पान. इथून सगळं दिसतं. आज किती लोक आले, किती वेळ थांबले, कुठून निघून गेले. गिऱ्हाईक समजायचं तर इथे बसावं लागतं."

पडद्यावर आकड्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक रांगेपुढे नखाएवढं चित्र. तपकिरी बुटाच्या चित्रात मध्यभागी काहीतरी चमकत होतं.

"तुम्ही खाली पॅकिंगला जाता का कधी?"

"मी? आजवर एकही बूट हातात घेतला नाही मी. ते काम वहिनीचं. चामड्याच्या वासाने माझं डोकं दुखतं."

"कंपनीला दुकान द्यावं का, तुम्हाला काय वाटतं?"

भावजींनी सुस्कारा टाकला. "वहिनी हट्टी आहे. कंपनी नाव घेईल, गिऱ्हाईक घेईल, साधे जोड विकेल. साधे! जगात सरळ पायांची माणसं जास्त आहेत की वाकड्या? आणि मलाही तिथे माझ्या लायकीची जागा मिळेल. पण इथे भावनांचा बाजार भरलाय. गिऱ्हाईक म्हणजे शेवटी आकडे असतात, बाई."

"असतात खरे," सुईबाई म्हणाल्या. "दोन-दोन."

भावजींना ते कळलं नाही. मास्तरांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुईबाईंनी सगळ्यांना भावजींच्याच खोलीत जमवलं. भावजींच्या कपाळावर आठ्या होत्या. काका दारातच उभे राहिले, फोटोवाली खिडकीशी, आणि मालकीण हाताची घडी घालून मधोमध.

"बूट कुणी घातलेच नाहीत," सुईबाईंनी सुरुवात केली. "दोन दिवस चालून फोड आलेल्या माणसाच्या बुटाचा तळवा कोरा कसा? म्हणजे रिव्ह्यू खोटे. एवढं मास्तरांनाही समजलं."

"समजलं होतं," मास्तर घाईने म्हणाले.

"आता बघा, लिहिणारा हा तुमच्या गिऱ्हाइकांतला नाही. खरी गिऱ्हाइकं काय करतात? आधी दोन आकडे लिहितात. डावा इतका, उजवा इतका. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं म्हणून मिरवतात ते. खोट्या रिव्ह्यूत हे एकदाही नाही. उलट एकजण लिहितो, बाजारातून आठ नंबरचा जोड आणला, मस्त बसला. या माणसाने ऑर्डर काय केली होती, ताई?"

"डावा आठ, उजवा सहा."

"सहाच्या पायाला आठचा बूट मस्त बसला! अहो, ज्याला बाजारात जोड मिळतो, तो तुमच्याकडे कशाला येईल? या दुकानात कोण येतं, का येतं, हे ज्याला कधी कळलंच नाही, त्याने हे लिहिलं. आता शिवण. या टाचेला शिवणच नाही. हे बूट बनवणारा काका ही चूक स्वप्नातही करणार नाही. ज्याने बूट हातात धरला नाही, तोच करेल."

काकांनी मान अशी ताठ केली जणू पदकच मिळालं.

"राहिली बक्कलाची तक्रार," सुईबाई म्हणाल्या. "तीही साफ खोटी."

"ती तरी खरी आहे!" भावजी उसळले. "उगाच काहीही बोलू नका. फोटोत बक्कल आहेच, आणि पाठवतो आपण वेल्क्रो. मी कधीचा म्हणतोय, वहिनीच्या धांदरटपणामुळे..."

"दाखवा."

भावजींनी माऊस सरकवला, नखाएवढ्या चित्रावर नेला, मोठं केलं. तपकिरी बूट. मधोमध चमचमणारं बक्कल. "घ्या! बघा!"

"आता सगळ्यांनी आपापले मोबाईल काढा आणि दुकानाचं पान उघडा. गिऱ्हाईक उघडतं तसं."

मालकिणीने उघडलं. फोटोवालीने उघडलं. मास्तरांनी चार वेळा चुकून पाचव्यांदा उघडलं. प्रत्येक पडद्यावर तोच हात होता, वेल्क्रोचा पट्टा ओढणारा.

मालकिणीने आपला मोबाईल भावजींच्या पडद्याशेजारी धरला.

"विक्रेत्याच्या पानावरचं ते छोटं चित्र माल पहिल्यांदा चढवतानाचं असतं," सुईबाई म्हणाल्या. "पुढचा फोटो बदलला तरी ते जुनंच राहतं. काल मी ॲपवाल्यांना फोन करून विचारून घेतलं. म्हणजे या ऑर्डरी झाल्या त्या दिवसांत बक्कलाचा फोटो कुठल्याच गिऱ्हाइकाला दिसत नव्हता. तो फक्त या टेबलावर दिसत होता. फोटोवालीला नवा फोटो पाठ आहे, ती रोज बघते. ताईंनी तो स्वतः बदलला. काकांचा मोबाईल बटणांचा, आणि असता दुसरा, तरी शिवणीने ते सुटलेच. आणि या टेबलाला कुणी हात लावलेला कुणाला खपत नाही, भावजी?"

भावजींनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"तुम्हाला वाटलं, खोट्यात एक खरी तक्रार घालावी, म्हणजे बाकीचं पचेल. तुम्ही घातलीतही. पण दुकान तुम्ही रोज मागच्या दाराने बघता. पुढच्या दाराने, गिऱ्हाईक होऊन, एकदा तरी आत आला असतात, तर तुम्हाला पकडणं मला जड गेलं असतं."

"वहिनी," भावजी अखेर म्हणाले. आवाज पार उतरला होता. "मी तुझ्या भल्यासाठीच... कंपनी तुला चांगली किंमत देत होती. किती दिवस या लंगड्यापांगळ्यांच्या..."

"बस्स!" मालकीण म्हणाली. ती इतक्या हळू म्हणाली की काका एक पाऊल मागे सरले. "मी त्यातलीच एक आहे, भावजी. तुमच्या दादाशी लग्न झालं त्या दिवशी माझ्या डाव्या चपलेत कापूस होता, आणि सबंध दिवस मी देवाला म्हणत होते, आज तरी पाय घसरू देऊ नकोस. तुम्ही माझ्याच घरात राहून मला गंडवलंत. वाईट वाटतंय मला. खूप वाईट वाटतंय. पण मी रडणार नाही, आणि विकणार तर मुळीच नाही. बसा त्या खुर्चीवर. ॲपवाल्यांना लिहा, काय केलंत ते. तुमच्या नावाने. मग उठा, आणि पुन्हा तिथे बसू नका."

भावजींनी लिहिलं. सगळे मागे उभे राहून वाचत होते, आणि काका मध्येच म्हणाले, "शिवणीचंही लिहा."

संध्याकाळच्या आत ॲपवाल्यांचा निरोप आला. रिव्ह्यू काढले होते, दुकान चालू राहणार होतं. पाठोपाठ कंपनीचाही फोन आला. मालकिणीने तो सगळ्यांसमोर उचलला. "नाही. काल नाही म्हटलं, आज नाही म्हणतेय, आणि उद्या फोन केलात तरी हेच उत्तर ऐकायला मिळेल." तिने फोन ठेवला. फोटोवालीला म्हणाली, "फोटोखाली तुझं नाव घालते." काकांकडे वळली. "आणि बक्कल परत येणार नाही."

"बरं, बरं," काका पुटपुटले.

निघताना मालकीण दारापर्यंत आली.

"मास्तर, एक विचारू? रागावू नका. उजव्यात कापूस आहे ना?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "कसला कापूस?"

"तुम्ही माझ्या बुटांना वेगवेगळ्या जोडांतले म्हणालात, तेव्हाच पाहिलं मी. डावा पाय फरशीवर, उजवा खुर्चीखाली दडवलेला. डावा नऊ, उजवा आठ. लहानपणापासून?"

सुईबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या मागून फटक फटक चालत होता, आणि जगाच्या तळव्यावरची धूळ वाचणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं. त्यांना काहीतरी टोचून बोलावंसं वाटलं, पण शब्दच सापडेना.

"कपाटात आहेत दोन्ही," मालकीण म्हणाली. "भेट म्हणून घेऊन जा."

"छे! फुकट नको," मास्तर ताठ उभे राहिले. "मी पुढच्या दाराने येईन. गिऱ्हाइकासारखा."

आणि तिथेच, पायरीवर उभं राहून, त्यांनी मोबाईल लांब धरला आणि सुईबाईंना चार वेळा विचारत ऑर्डर टाकली.

त्या आठवड्याच्या शेवटी सुईबाई एका कामासाठी बाहेर पडल्या. कोपऱ्यावर त्यांना वाटलं, मास्तर मागेच राहिले. त्या वळल्या. मास्तर शेजारीच होते, वर मान करून, आणि पायांचा आवाज अजिबात येत नव्हता.

घरी आल्यावर सुईबाईंनी दुकानाचं पान उघडलं. तपकिरी बुटाखाली नवा रिव्ह्यू होता.

'डावा नऊ, उजवा आठ. कापूस फेकला. आता माझ्या शेजारणीला माझ्या वेगाने चालावं लागतं.'